वरचा दगड त्या काठचा

माझ्या घरमालकांनी मला खोली दिली ती माझं पीठ चाखून. प्राणहितेच्या काठच्या त्या गावात मी मास्तर म्हणून रुजू झालो तेव्हा एक पत्र्याची पेटी, एक वळकटी आणि आईने चांद्याहून बांधून दिलेलं ज्वारीचं पीठ एवढाच माझा संसार होता. भाऊंनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, भाड्याचं बोलणंही काढलं नाही. (सगळं गाव त्यांना भाऊच म्हणे, म्हणून मीही.) त्यांनी सरळ पिशवीची गाठ सोडली, चिमूटभर पीठ जिभेवर ठेवलं, डोळे मिटले आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले, "मानूस बरा दिसून राह्यला, पन पीठ इंजिनच्या चक्कीचं हाय. भाजलं हाय बिचारं!"

आतून बाईंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, आवाज आला, "मंग पिठाले बाहेर ठेवा अन् मानसाले आत घ्या."

अशी मला खोली मिळाली. माझं पीठ त्या दिवशी खरंच ओसरीवर राहिलं आणि दुसऱ्या दिवशी कोंबड्यांनी ते संपवलं. त्यांची काही तक्रार दिसली नाही.

भाऊ साठीच्या पुढचे असावेत. वय ते कधी सारखं सांगत नसत. किंबहुना कुठलीच गोष्ट ते दोनदा सारखी सांगत नसत. त्यांनी पाहिलेला वाघ दर उन्हाळ्यात हातभर वाढायचा. धान किती झालं हे विचारणारा कोण आहे त्यावर त्यांचं पीक कमीजास्त व्हायचं. थापा मारण्यात त्यांचा हात धरणारा त्या पंचक्रोशीत कुणी नव्हता, आणि ते त्यांना स्वतःलाही मान्य होतं. पण पिठाच्या बाबतीत हा माणूस हरिश्चंद्राचा अवतार होता. कुणाच्याही घरी गेले की पाण्याच्या तांब्याआधी पिठाचा डबा मागायचे. चिमूट तोंडात टाकायची आणि निकाल द्यायचा. निकाल तीनच होते: बारीक हाय, जाडं हाय, भाजलं हाय. चौथा मी कधी ऐकला नाही. पीठ बारीक असलं तर भाऊ जेवताना स्वतःहून म्हणायचे, "अजून एक वाढ." नसलं तर ताटावर आडवा हात धरायचे आणि भात खाऊन उठायचे. यजमानाला काय वाटेल, हा विचार त्या हाताला शिवत नसे.

एकदा एक बडे साहेब दौऱ्यावर आले. नदीकाठी तंबू पडला आणि गावातल्या चार प्रतिष्ठितांना जेवायला बोलावणं आलं. त्यात भाऊही होते आणि मास्तर म्हणून मीही होतो. वाटेत मी त्यांना हात जोडून सांगितलं होतं, भाऊ, आज चाखू नका. त्यांनी मान डोलावली. तंबूत शिरल्यावर ते सरळ खानसाम्याच्या राहुटीकडे गेले आणि परत येऊन साहेबांसमोर उभे राहिले. "साहेब, तुमचं दळन अन् घोड्याचा चना एकाच चक्कीतून काढला हाय." साहेबांनी खानसाम्याकडे पाहिलं. खानसाम्याने जमिनीकडे पाहिलं. साहेब मोठ्या मनाचे निघाले, पोट धरधरून हसले. मला मात्र त्या रात्रीचं जेवण गोड लागलं नाही.

भाऊंच्या अंगणात, ओसरीच्या पायरीला लागून, एक मोठा गोल दगड होता. मधोमध भोक, वर जुन्या गोणपाटाचं पांघरूण. पहिल्याच आठवड्यात मी वहाणा घालायला त्यावर टेकलो आणि भाऊ असे ओरडले की शेजारचा बैल उठून उभा राहिला.

"उठा मास्तर! तो बसाचा दगड नोहे. पानचक्कीचा हाय तो. खालचा."

"आणि वरचा कुठे आहे?"

"हाय एका ठिकानी," म्हणाले आणि तंबाखू चोळत निघून गेले. एरवी चक्कीचं नाव काढलं की भाऊंना आवरणं कठीण जायचं, म्हणून मला नवल वाटलं.

चक्क्यांचा इतिहास मी त्यांच्याकडूनच ऐकला. तो असा. प्राणहितेला दोन्ही बाजूंनी जे नाले मिळतात त्यांच्या तोंडाशी, जिथे खडकावरून पाणी खाली पडतं तिथे, पूर्वी पाणचक्क्या होत्या. पाट काढून पाणी एका पोकळ लाकडातून खाली सोडायचं. ते आडव्या चाकाच्या पात्यांवर आदळलं की चाक फिरायचं आणि चाकाच्या दांड्यावर बसवलेला वरचा दगड फिरायचा. खालचा जागचा हलायचा नाही. पावसाळ्याआधी चाक उचलून उंचावर ठेवायचं, दसऱ्यानंतर पुन्हा मांडायचं, आणि होळीच्या सुमाराला नाला आटला की चक्की बंद. प्रत्येक चक्कीला नाव होतं. सारखी कुरकुरणारी होती ती 'सासूबाई'. एक चालली तरी आवाज करायची नाही, ती 'मुकी'. एकीचा पाट उन्हाळ्याच्या आधीच सुकायचा, तिला लोक 'माहेरवाशीण' म्हणायचे, कारण चार दिवस यायची आणि जायची. भाऊंच्या घरची होती ती 'लग्नाची चक्की'.

नदी म्हणजे सरहद्द. ह्या काठी एक राज्य, त्या काठी दुसरं. चक्की कुणाच्या हद्दीत आणि तिच्यावर हक्क कुणाचा, यावरून म्हणे जुन्या काळी दोन्हीकडचे शिपाई येऊन दळणाऱ्यांना दमात घ्यायचे. तेव्हा काठाकाठच्या लोकांनी एक तोड काढली. प्रत्येक चक्कीचा खालचा दगड ह्या काठच्या टेकडीचा आणि वरचा त्या काठच्या. खालच्याला टाकीने धार लावायची ह्या काठच्या घराने, वरच्याला त्या काठच्या घराने. एका काठाने दुसऱ्याला दुखावलं की दळण बंद. शिपायांनी हात टेकले, आणि ज्या दोन घरांचे दगड एका चक्कीत त्यांच्यात सोयरिकी व्हायला लागल्या. पुढे रीतच पडली. नदीच्या अल्याडपल्याडचं लग्न असलं की दोन्हीकडची हळकुंडं एकत्र करून लग्नाच्या चक्कीच्या दोन दगडांत दळायची. त्याशिवाय नवरीला हळद लागायची नाही.

मी शाळेत इतिहास शिकवत असे. माझ्या पुस्तकात बादशहा होते, लढाया होत्या, तह होते. चक्की एकही नव्हती. एकदा मी भाऊंना जरा डिवचलंच. "हे सगळं कुठे लिहून ठेवलंय, भाऊ?"

"लिवाले कोनाले सवड होती, मास्तर? सारे दळून राह्यले होते."

वाघ हातभर वाढवणाऱ्या माणसाचा इतिहास किती धरायचा आणि किती सोडायचा, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. पण नाल्याच्या तोंडाशी खडकात कोरलेला पाट मी स्वतः पाहिला आहे. त्यात त्या वेळी खेकडे राहत होते.

दसरा झाला की भाऊ गोणपाट काढायचे, टाकी आणि हातोडी घेऊन त्या दगडापुढे मांडी घालून बसायचे आणि टक्-टक्-टक् सुरू. दगडाच्या तोंडावरच्या खाचा पुन्हा धारदार करायच्या, म्हणजे टाकी लावायची. दळण नाही, चक्की नाही, नाल्यावर साधं छप्परही उरलेलं नाही, आणि हा माणूस दरसाल दगडाला धार लावतो! मी विचारलं, "कशाला हो?" तर म्हणाले, "दगडाले सवय ऱ्हायली पायजे." बाई सूप पाखडत होत्या. त्या म्हणाल्या, "दगडाले टाकी लावते, तोंडाले कुलूप लावत नाई." भाऊंची हातोडी क्षणभर थांबली आणि पुन्हा सुरू झाली.

तोंडाची ती गोष्ट मला पुढे बाईंनीच सांगितली. त्यांना एकच मुलगी. ती नदीपलीकडे, वरचा दगड ज्यांचा त्याच घरात दिलेली. व्याही आणि भाऊ जिवाभावाचे. व्याह्यांच्या बाजूला तेलुगू चालते, ते भाऊंना 'बावा' म्हणत, मेहुण्याला म्हणतात तसं. मुलीला मुलगी झाली. पलीकडे बारशाची पंगत बसली आणि भाऊंनी सवयीने पिठाची चिमूट तोंडात टाकली. पीठ त्यांच्याच चक्कीचं, आदल्या दिवशी दळलेलं. भर पंगतीत, साऱ्या सोयऱ्याधायऱ्यांसमोर, ते म्हणाले, "जाडं हाय. वरचा दगड झोपला होता."

म्हणजे व्याह्याने टाकी नीट लावली नाही.

"इवाई पानावरून उठला," बाई म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी वरचा दगड डोंग्यात घातला अन् घेऊन गेला. त्याच साली नाल्याले पूर आला, चाक कोनी उचललंच नव्हतं, ते गेलं, छप्पर गेलं. मांडाले दोन घरं लागते, एक घर रुसलेलं. अन् माही पोरगी... तिले त्यानं पुन्हा इकडे पाठवली नाई. हे बी गेले नाई. जाडं होतं म्हून जाडं म्हनलं, म्हनते."

बाईंना मुलगी वर्षातून एकदा जत्रेत भेटायची. परत आल्या की सगळी हकीकत त्या मला सांगत. मी शेजारी बसलेलो असलो तरी इतक्या मोठ्याने, की ओसरीच्या टोकाला पाठ करून बसलेल्या माणसाला एक शब्द चुकू नये. नात किती उंच झाली, तिला कुठला रंग आवडतो, मुलीच्या केसांत आता पांढरं दिसतं. भाऊ त्या वेळी हटकून तंबाखू चोळत बसत. इतका वेळ चोळलेला तंबाखू मी दुसऱ्या कुणाच्या हातात पाहिला नाही.

आणखी एक सवय. भल्या सकाळी दातात कडुनिंबाची काडी धरून भाऊ नदीवर जायचे. "पानी पाहून येतो," म्हणायचे. परत आले की अंगणातूनच म्हणायचे, "पेटली," आणि मग बाई आपली चूल पेटवायच्या. मला वाटे, हा यांच्यातला काही जुना संकेत असेल. एका सकाळी मीही नदीवर गेलो. पाणी भाऊ बघतच नव्हते. पलीकडच्या काठावर, चिंचेखालच्या एका घरातून धुराची बारीक रेघ वर निघाली तशी त्यांनी काडी थुंकली आणि घराकडे वळले. ते घर मुलीचं होतं. त्या दिवसापासून माझा त्यांच्यावरचा सगळा राग गेला, साहेबांच्या जेवणाचासुद्धा.

मध्ये राज्यं बदलली. आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला, पलीकडचा हैदराबादेतून आंध्रात गेला. शाळेत नवे नकाशे आले. मी भिंतीवर नकाशा लावला तर भाऊ बराच वेळ त्यापुढे उभे राहिले आणि नदीवर बोट ठेवून म्हणाले, "हे नाई बदलवली?"

त्यानंतरच्या उन्हाळ्यात नातीचं लग्न ठरलं. ज्या बारशात सगळं बिनसलं तीच ही नात. मुलगा आमच्या काठचा, चार कोसांवरच्या गावचा. म्हणजे लग्न अल्याडपल्याडचं झालं. नदी पार करून देणारा डोंगेवाला मुलीचा निरोप घेऊन आला. निरोप एवढाच होता: "बाबाले विचार, हळद कोन्या दगडावर दळू?"

भाऊ दिवसभर खालच्या दगडापाशी तंबाखू चोळत बसले. संध्याकाळी मला म्हणाले, "मास्तर, तुमी शिकेल मानूस. जाऊन सांगा, खालचा दगड हालत नसते. वरचा आला तर नाई म्हननार नाई."

"एवढंच सांगू? जरा गोड करून?"

"तुमी करा गोड. म्या सांगतलं नाई असं समजा."

दुसऱ्या दिवशी मी पलीकडे गेलो. व्याही उंच, सडसडीत, पांढऱ्या मिशांचे. मी शक्य तेवढं गोड करून सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "अजून चाखते का तो?"

"चाखतात."

"खरं सांगते?"

"पिठाचं तरी खरंच सांगतात."

व्याह्यांनी बराच वेळ मिशी ओढली. "मंग त्याले सांगा. दगड घेऊन मी येतो. सून येईन, नात येईन. पयली चिमूट त्यानंच चाखावी, साऱ्याईच्या देखत. पुन्हा जाडं म्हनला, तर दगड डोंग्यात अन् सून बी डोंग्यात. मंग मी मेलो तरी येऊ नोको म्हना." दाराआड बांगड्या वाजल्या. मुलगी तिथे उभी होती.

परत येऊन मी हे शब्द जसेच्या तसे सांगितले, कारण ते गोड करता येण्यासारखे नव्हते. भाऊ म्हणाले, "जाडं असन तर जाडंच म्हनीन."

बाई चुलीपुढून उठल्या नाहीत. "तुमाले तोंड एकच हाय," त्या म्हणाल्या, "पोरगी बी एकच हाय."

दोन डोंगे एकाला एक बांधून वरचा दगड आला. व्याही दगडावर हात ठेवून बसले होते, मागे मुलगी आणि नात. मुलगी अंगणात आली, तिने आईच्या गळ्यात हात टाकले आणि वडिलांकडे न बघता दाराशी जाऊन उभी राहिली. चार माणसांनी दगड उतरवला आणि पालथा होता तो उलटा केला.

त्याचं तोंड पांढरंशुभ्र होतं. ताज्या टाकीच्या खाचा, एकीला एक लागून. भाऊ खाली बसले आणि त्यांनी त्या खाचांवरून बोटं फिरवली.

"हे कवाचं?"

"दसऱ्याचं," व्याही म्हणाले.

"अन् त्याच्या आधी?"

"दरसाल." मग गोणपाट काढलेल्या खालच्या दगडाकडे पाहून म्हणाले, "तू बी?"

भाऊंनी मान हलवली. ज्याला पुन्हा दळायचंच नाही तो दगडाला धार कशाला लावील? दोघेही इतकी वर्षं दुसऱ्याच्या दगडाची वाट पाहत बसले होते.

पण पुढे जे व्हायचं ते झालं. एकमेकांवर न घासता, नुसत्या टाकीने, दोन्ही दगड आपापल्या परीने झिजले होते. हा मधे खोलगट, तोही मधे खोलगट. एकावर एक ठेवले तर फक्त कडेला टेकत आणि मधे फट राहत होती. नाला कोरडा होता, म्हणून बांबू बांधून दोन गड्यांनी वरचा दगड हाताने फिरवला. टाकीची कच निघून जावी म्हणून आधी कोंडा दळून टाकून दिला, मग ज्वारी घातली. कडेने जे बाहेर पडलं त्याला पीठ म्हणायला मन धजत नव्हतं. त्या कण्या होत्या. अंगणात उभ्या असलेल्या प्रत्येकाला ते लांबूनही दिसत होतं.

व्याह्यांनी टोपली भाऊंपुढे धरली. डोंगेवाला हातात वल्हं घेऊन कुंपणाशी थांबला होता. मुलीने नातीचा खांदा घट्ट धरला होता. भाऊंनी चिमूट घेतली, जिभेवर ठेवली, डोळे मिटले. दाताखाली कच वाजली ती मला ऐकू आली. त्यांनी डोळे उघडले ते थेट दाराकडे.

"बारीक हाय," ते म्हणाले.

व्याह्यांनी स्वतः चिमूट उचलली आणि चघळली. त्यांच्याही तोंडात कच वाजली.

"खरं बोलून राह्यला, बावा?"

"पिठाच्या बाबतीत मी कधी खोटं बोललो काय?"

व्याह्यांनी उपरण्याने मिशी पुसली, मग डोळे पुसले आणि कुंपणाकडे वळून ओरडले, "अरे, डोंगा बांधून ठेव!"

हळदही तशीच निघाली, जाडीभरडी. पुढे लग्नात नवरीचे गाल तिने चांगलेच खरवडले. त्या दुपारी बाईंनी त्याच ज्वारीच्या भाकरी केल्या. त्या थापताना तुटत होत्या, तव्यावर तुटत होत्या, ताटात तर तुकडेच आले. पंगत बसली. दोन्ही काठांच्या टेकड्यांची कच आम्ही सगळे मुकाट्याने चावत होतो. मुलगी वाढत होती. ती वडिलांपुढे आली, हातात भाकरीचे तुकडे घेऊन थांबली, आणि सगळ्यांची नजर भाऊंच्या उजव्या हाताकडे गेली. तो हात ताटापर्यंत आला, आडवा झाला नाही, ताट पुढे सरकवून थांबला.

"अजून एक वाढ," भाऊ म्हणाले.